पानमळ्याची गोष्ट छापून आली तेव्हा

माझी पहिली गोष्ट मुंबईच्या एका मासिकात छापून आली, तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. अंक पोस्टाने आला. ओटीवर बसून मी आधी नुसतं शीर्षक पाहिलं, खालचं स्वतःचं नाव पाहिलं आणि अंक मिटला. पुन्हा उघडला. नाव तिथंच होतं. मला इतका आनंद झाला, की काकूने हाका मारल्या तरी मी जागची हलले नाही.

पालघरजवळच्या माहीमला आमचा पानमळा. मळ्यात चप्पल चालत नाही आणि पाळीच्या दिवसांत बाई चालत नाही. वेल करपते म्हणे. तिकडे तारापूरला अणूपासून वीज करायचं काम निघालं होतं, आणि इकडे आमच्या वेली मुलींच्या सावलीने मरत होत्या. माझ्या गोष्टीतली मुलगी नेमकी त्याच दिवसांत मळ्यात जाते, पानं खुडते आणि वेलीला काही होत नाही. एवढीच गोष्ट.

काकांनी ती वाचली. रोजचा पेपर अथपासून इतिपर्यंत वाचणारा माणूस, पण गोष्ट रचलेली असते हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. नाव माझं, मळा आमचा, म्हणजे मुलगीही मीच. त्या वर्षी वेलींना मर लागली होतीच. गुन्हेगार घरातच आयता सापडला. मळ्यात गोमूत्र शिंपडून झालं, नारळ फुटला आणि गावभर बोभाटा झाला.

वडिलांनी मला मागच्या पडवीत बोलावलं. भावापुढे त्यांचं कधीच काही चालायचं नाही.

"बाय, तू मल्यात गेली नाय, गोष्ट खोटी हाय, एवढं काकासमोर बोल. मंग कोण काय बोलणार नाय."

खरं म्हणजे मी गेले नव्हतेच. कधीच नाही. ते दिवस आले की कुंपणाबाहेरूनच मळा बघायचा, हे मी मुकाट्याने पाळत आले होते. तसं सांगून सुटता आलं असतं. पण मग गोष्ट खोटी ठरली असती, आणि माझ्या मते आमच्या घरात तेवढी एकच गोष्ट खरी होती. मला भयंकर संताप आला.

"नाय बोलणार," मी म्हटलं.

काकांनी अबोला धरला. माझे कागद काकूने माळ्यावर टाकले. मी कोणाची मनधरणी केली नाही. पुढच्या महिन्यात काकूने मला बाजूला बसायला सांगितलं, त्याच सकाळी मी उठून सरळ मळ्यात गेले. काका वेली बांधत होते. मला बघून त्यांचे हात थांबले.

"गोष्ट लिवली तवा मी आली नव्हती, काका," मी म्हटलं. "आता आलीय. आता वेल करपली तरच ती खोटी हाय म्हणा."