दहा पौर्णिमा कमी

दोन हजार साल लागलं त्या सकाळी शेजारचे काका जिलेबी घेऊन आले. "नवं शतक आलं, तोंड गोड करा!" मी हात पुढे केला, तोवर बाबांनी पुडा परत त्यांच्या हातात दिला.

"इसवी सनात शून्य साल होतं का गा? मोजणी एकपासून. दोन हजार पुरे भरू द्या, मग शतक बदलते. जिलेबी पुढच्या वर्षी आणजा."

काका काय आणतात! वर्षभरानं बाबाच सदर बाजारातून दोन किलो जिलेबी घेऊन आले आणि घरोघरी वाटत सुटले. लोक विचारत होते, "कोणाले पोरगा झाला?" मला तर धरणी दुभंगावी असं झालं होतं.

बाबांची सगळी नोकरी हिंगण्याच्या कारखान्यात गेली. पाळी पुरी भरल्याशिवाय भोंगा वाजत नसे, तसंच त्यांचं घरातही.

मागच्या वर्षी त्यांना ऐंशी पूर्ण झाली. आम्ही म्हटलं, सहस्रचंद्रदर्शन करून टाकू. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला दिव्यांनी ओवाळतात, आणि ऐंशी झाली की सगळेच करतात. बाबांनी कॅलेंडर काढलं. "हजार भरायले ऐंशी वर्षं दहा महिने लागतात. दहा पौर्णिमा कमी आहेत. नऊशे नव्वदले हजार कसं म्हनू?"

त्याच आठवड्यात आईच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख ठरली. वय पाहता धोका आहे, असं डॉक्टर तोंडावर बोलले. घरी आल्यावर चपला काढता काढता आई मला म्हणाली, "तुह्या बाबाले माह्या हातानं ओवाळाचं होतं वं. दहा पौर्णिमा मले पुरतीन का?"

माझं डोकंच सटकलं. तरातरा बाबांकडे गेले. "चुलीत घाला तुमचं कॅलेंडर! आई काय म्हणून राहिली, ऐकलं का?" बाबा कॅलेंडर उचलून आत गेले.

सकाळी पोह्यांवर तर्री वाढत होते, तेव्हा ते घसा खाकरून म्हणाले, "गुरुजीले फोन कर. माझी मोजणी चुकली. पोटातले नऊ महिने नऊ दिवस मी धरलेच नव्हते. दहा पौर्णिमा तिथंच निघतात."

आता मी सोडते होय? "काहून बाबा, पोटातून चंद्र दिसते का?"

"मायनं पाह्यला म्हणजे लेकरानं पाह्यला. तू तर्री वाढ."

मी वळून ओट्याशी गेले आणि डोळे पुसले. रात्री मी नाही नाही ते बोलले होते.

आईनं ओवाळलं. ताट थरथरायला लागलं तसा बाबांनी खालून हात लावला. चार दिवसांनी ऑपरेशन झालं, आणि महिन्याभरात आई पुन्हा सगळ्यांवर खेकसायला लागली. आम्ही निर्धास्त झालो.

यंदा एका संध्याकाळी बाबा गच्चीवर एकटेच उभे दिसले. समोर पूर्ण चंद्र वर येत होता. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. मी चिडवायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून जिना चढत, धापा टाकत आई आली. ताटात दिवा होता आणि बाजूला जिलेबी.

"आज भरले ना तुमचे खरे हजार?"

बाबा चपापले. "तुले कसं कळलं वं?"

"मी बी मोजून राहिली होती," आई म्हणाली. "एकेक."