हिरवी झालेली ओळ

हिरवी खूण दिसली की ती घटना मला आजही आठवते. नोकरीची शेवटची वर्षं होती आणि झाशीतल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून तक्रारी ऐकायला बसलो, तोच झाशीपासून लांब मऊरानीपुरात नोकरी करणारा एक मराठी तरुण लेखी तक्रार घेऊन आला. रागाने त्याने कागद माझ्या टेबलावर आपटला.

त्याची आजी खंडेराव गेटजवळ एकटी राहायची. न्हाणीघरात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत ती ओल्या फरशीवर पडून होती. झाशीतल्या आमच्या मराठी घरांतल्या एकट्या म्हाताऱ्यांसाठी ओळखीतल्याच एका मुलीने मोबाइलचं अॅप बनवलं होतं. सकाळी ‘मी ठीक आहे’ हे बटण दाबायचं, की इंटरनेटवरच्या तक्त्यात त्या नावाची ओळ हिरवी व्हायची. ज्याची ओळ पांढरी राहील त्याच्या घरी ती मुलगी धावत जायची. त्या दिवशी आजींची ओळ हिरवी होती.

“साहेब, आजी न्हाणीघरात आणि फोन देवघरात. मग बटण कोणी दाबलं? त्या मुलीनेच घरबसल्या हिरवं केलं. रपट लिहा.”

मुलगी बिजौलीच्या एका कारखान्यात कामाला होती. नुकतीच तिची सरकारी नोकरीसाठी निवड झाली होती आणि तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्याच्या कारकुनाच्या, मुन्शीच्या टेबलावर पडला होता. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी गेलीच म्हणून समजा.

दुपारी एक निनावी फोन आला. “दरोगाजी, वो लड़की अपने हाथ से भी हरा करती है. हमने देखा है.”

मी तिला बोलावलं. वडील सोबत आले, पण बसायला तयार होईनात. मी सरळच विचारलं, “हाताने हिरवं करतेस?”

“करती हूँ... करते, काकाजी. कोणाला बटण जमत नाही, ते फोन करतात, मग मी भरते. पर उस दिन आजींचा फोन नव्हता आला. मी नाही केलं.”

खोटं बोलणारा माणूस पहिल्याच प्रश्नाला कानावर हात ठेवतो. ही तर अर्धा आरोप स्वतःहून कबूल करत होती. मला तिची दया आली, पण दयेवर तपास चालत नाही. तक्त्याचा मागचा इतिहास तपासला. त्या दिवशीची नोंद हाताने भरलेली नव्हती, अॅपमधून आली होती. म्हणजे कोणीतरी बटण दाबलं होतं खरं.

आजींचा जबाब घ्यायला मी इस्पितळात गेलो, मुलीलाही सोबत नेलं. नर्सने रुग्णाचं पूर्ण नाव पुकारलं. खाटेवरून आजींनी “ओ” दिली आणि दारातून पेजेचा डबा घेऊन येणारी नातसूनही “जी” म्हणाली.

मी चमकलो. आजी दुखण्यातही हसल्या. “नातवाला ह्यांचंच नाव ठेवलंय. लग्नात हिचं नाव बदलायचं ठरलं, तेव्हा मीच म्हटलं, माझं द्या. आमचा जोडा पुन्हा नांदू दे.”

“तुझ्या मोबाइलमध्ये ते अॅप आहे?” मी नातसुनेला विचारलं.

“हो. आजींनीच पाठवलं ना. म्हणाल्या, तू पण रोज दाबत जा, लांब असतेस, मला बरं वाटेल. त्या दिवशी सकाळीही दाबलं होतं, नंतर या गडबडीत राहूनच गेलं.”

“आता दाब बघू.”

तिने दाबलं. मुलीच्या हातातल्या मोबाइलवर, तक्त्यात आजींची ओळ आमच्या डोळ्यांदेखत हिरवी झाली. नातसुनेचं नाव तक्त्यात कधी चढवलेलंच नव्हतं. अॅपला त्या नावाची एकच ओळ सापडत होती, ती आजींची.

मुलीने तक्त्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. “मैंने नाम से जोड़ दिया था. मोबाइल नंबरने जोडायला हवं होतं.”

नातसून तर हमसून रडायला लागली. “म्हणजे मीच...? मला माझं जुनं नाव परत द्या.”

“काही नको,” आजी म्हणाल्या. “ती मशीन खुळी आहे, तू नाहीस. पेज दे, निवतेय.”

नातूही तिथेच होता. त्याने मुलीपुढे जाऊन हात जोडले आणि माझ्याकडे तक्रारीचा कागद परत मागितला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची वेळ आली होती, आणि इथे तर चोरच नव्हता. दुसऱ्या दिवशी पडताळणीच्या कागदावर सही करताना मला फार बरं वाटलं.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. खूण दिसली म्हणजे माणूस दिसला असं नाही. ती खूण कोणी केली, हे विचारल्याशिवाय निश्चिंत होऊ नये, आणि विचारल्याशिवाय कोणाला दोषीही धरू नये.

आता मी निवृत्त आहे, एकटा आहे. माझीही ओळ त्या तक्त्यात आहे, मोबाइल नंबरने जोडलेली. सकाळचा चहा झाला की बटण दाबतो. तरीही त्या मुलीचा तिच्या नोकरीच्या गावाहून फोन येतोच. दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकून पिते बिचारी.

“काकाजी, हिरवं दिसतंय. आता आवाज ऐकवा.”

“जिवंत आहे गं,” म्हणून मी खेकसतो. पण तिचा फोन येईपर्यंत दुसरा चहा काही मी घेत नाही.