नव्या कंप्युटरला राखणदार

दुकानातला सगळ्यात खालचा खण उघडला की जुन्या वायरी निघतात, बंद पडलेले माऊस निघतात, कुणाचा तरी विसरलेला पेनड्राइव्ह निघतो. मुद्दाम साठवलेलं यातलं काही नाही, पण टाकवतही नाही. किश्श्यांचंही तसंच होतं. रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझ्या दादाचं कंप्युटरचं दुकान आहे. नवा कंप्युटर गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन जोडून देणं हे काम माझं. कंप्युटर निवडताना माणसं फार बोलत नाहीत. बोलायला लागतात ती अगदी शेवटी, "आता अँटीव्हायरस कुठचा घेऊ?" असं विचारताना. कारण तिथे भीतीचा विषय निघतो, आणि भीती सांगायची म्हणजे घरचं सगळंच सांगावं लागतं.

*

पावसच्या बाजूला बापू म्हणून एक आंबा बागायतदार आहेत. त्यांचा नवा कोरा कंप्युटर ऐन हंगामात गोगलगायीसारखा चालायला लागला. मी जाऊन बघते तर आत तीन अँटीव्हायरस. एक आम्ही दिलेला, एक जावयाने घातलेला आणि एक चुकून बटण दाबल्यावर फुकट आलेला. तिघंही एकमेकांना चोर समजून धरून बसलेले.

मी म्हटलं, यातला एकच ठेवायचा. बापूंना ते पटेना. एकाच्या नजरेतून सुटला तर दुसरा धरेल, असा त्यांचा हिशोब. मग मी म्हटलं, "बापू, समजा बागेत राखणीला तीन गडी ठेवलेत आणि एकाला दुसऱ्याची ओळखच नाही. अंधारात काय होईल?"

बापू म्हणाले, "झालंय की ते आमच्याकडे. दोघं हॉस्पिटलात होते नि चोर आंबे घेऊन गेला."

त्यांनी लगेच दोन काढायला सांगितले. मी निघाले तशी गेटपर्यंत मागून आले आणि हळूच म्हणाले, "जावयाचा काढलास ते मुलीला सांगू नको हां."

*

लांज्याजवळच्या एका वाडीत कंप्युटर जोडायला गेले होते. मुलगा मुंबईला नोकरीला, त्याने मुलीच्या अभ्यासासाठी घेऊन दिलेला. मी वायरी लावत होते तेवढ्यात तिचे आजोबा, तात्या, नारळ घेऊन आले. वाडीत काहीही नवीन आलं की देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. कंप्युटरसमोर उभे राहून त्यांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, हा जो नवीन कंप्युटर आज घरात आलाय, त्याच्यात कसला किडा शिरत असेल, कोणाची वायट नजर लागत असेल, तर ती आल्या वाटेनं माघारी कर."

घरातले सगळे म्हणाले, "होय म्हाराजा." मीपण म्हटलं.

आता अँटीव्हायरसचं नाव कशाला काढा, असं वाटून मी बॅग उचलली. तात्यांनी थांबवलं. "तुमचापण घाला," ते म्हणाले. "देव आमच्या वाडीचा. ह्या वायरीतनं येणारे सगळे बाहेरगावचे."

*

चिपळूणच्या एक बाई आल्या होत्या. त्यांचा आधीचा कंप्युटर वाशिष्ठी नदीच्या पुरात गेला, आणि त्याबरोबर त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचे सगळे फोटोही. दादा त्यांना अँटीव्हायरसबद्दल समजावून सांगायला लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, "व्हायरसचं राहू दे हो. वाशिष्ठीसाठी काय आहे काय?"

दादाने विचारलं, उंचावर कुणी नातेवाईक आहे का. त्या म्हणाल्या, सख्खी बहीण आहे, घाटाच्या बाजूला, अगदी वर. मग दादाने त्यांना एक बाहेरची हार्डडिस्क दिली, आणि कंप्युटरवर जे जे साठेल त्याची एक प्रत बहिणीकडे ठेवायला सांगितली. बाईंनी डिस्क हातात घेतली, पण पिशवीत काही घालेनात. बहिणीशी त्यांचं कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं.

दिवाळीत दुकानावर फराळाचा डबा आला. आणायला दोघी आल्या होत्या. नवऱ्याचे लग्नातले फोटो बहिणीच्या अल्बममध्ये सापडले होते.

*

नाटे गावच्या शेवंतीकाकींचा मुलगा बोटीवर असतो. त्याचं तोंड दिसावं म्हणून त्यांनी लॅपटॉप घेतला. एका दुपारी त्या एकट्याच असताना फोन आला. कुणी तरुण हिंदीत सांगत होता की तुमच्या कंप्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, मी सांगतो ती बटणं दाबा. काकी घाबरल्या. मुलगा त्याच कंप्युटरमध्ये दिसतो ना! त्या बिचाऱ्या चष्मा लावून बसल्या, पण त्यांना बटणं सापडेनात. तो पुन्हापुन्हा सांगत राहिला. शेवटी काकींनाच त्याची दया आली. त्यांनी विचारलं, "कितना टाइम बोलता है तू. खाना खाया क्या?"

बटणांचं राहिलं बाजूला. काकींनी आई कुठे असते विचारलं, घरी कधी गेला होतास विचारलं. तो सांगत गेला. आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "चाची, किसी के बोलने पे कुछ दबाना मत. मेरे भी नहीं."

काकी हे सांगायला दुकानात आल्या तेव्हा दादाने तो नंबर ब्लॉक करू या म्हटलं. काकींनी मोबाइल पदराआड घेतला. "नको. जेवला काय ते विचारीन पुन्हा."

*

कांबळे गुरुजी मूळचे मंडणगडकडचे, निवृत्तीनंतर रत्नागिरीत राहिलेले. त्यांच्या आईच्या पिढीतल्या बाया भीमजयंतीला जी गाणी म्हणायच्या, ती सगळी टाइप करून ठेवायची म्हणून त्यांनी कंप्युटर घेतला. त्याआधी नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. माई, त्यांच्या पत्नी, बरोबर आल्या होत्या. पिशवी मांडीवर घेऊन पंख्याखाली बसल्या होत्या.

गुरुजींनी प्रत्येक अँटीव्हायरसची चौकशी केली, पेपर तपासावा तशी. एक नक्की झाला. मग दादाने विचारलं, एक वर्षाचा देऊ की तीन वर्षांचा?

"एकाचा पुरे," गुरुजी म्हणाले. दादा म्हणाला, तीनचा बरा पडतो. गुरुजी हसले. "अरे, माझ्याकडे बघ जरा. पुढचा कुणासाठी घेऊ?"

दादा बिलबुक चाळायला लागला. मीही उगीच कीबोर्ड पुसत राहिले.

"तीन वर्षांचा द्या," माई म्हणाल्या.

"अगं, पण..."

"तुमच्या आईची गाणी अजून अर्धी उतरवून झाली नाहीत. माझ्या आईची तर सुरूपण नाही केलीत."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि दादाला विचारलं, "पाच वर्षांचा नसतो काय रे?"