जंतू उगवले की खूश होणारे साडू

साऱ्या भंडारा जिल्ह्यात जेवायला बोलवायला माझ्या साडूंइतका अवघड माणूस दुसरा झाला नसेल. पाहुणे आधी हातपाय धुतात. हे गृहस्थ सरळ चुलीपाशी जात आणि कोंबडी फोडणीत पडायच्या आत तिचा गुर्दा मागून थर्मासात टाकत. पवनीला एका बारशात घरधनीण चिडून म्हणाली, "आमच्या कोंबडीवर संशय काहून घेऊन राहिले?" हे शांतपणे म्हणाले, "कोंबडीवर नाही बाई, तिले औषध पाजणाऱ्यावर."

ते भंडाऱ्याला जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत होते. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि त्यावर गुर्द्याचा तुकडा ठेवायचा, हे त्यांचं काम. कोंबडीच्या अंगात औषध उरलेलं असलं, तर तुकड्याभोवती जंतू उगवत नसत, स्वच्छ गोल कडं दिसे. ते कडं दिसलं की साडूंचा चेहरा उतरे. जंतू तुकड्याला भिडून उगवले, की मात्र स्वारी पेढे वाटायचीच काय ती बाकी राही.

माझी एकोडीला पोल्ट्री होती. कोंबड्या मरू नयेत म्हणून मी विक्रीच्या सकाळपर्यंत पाण्यातून पिवळी पावडर पाजायचो. "भाऊ, निदान शेवटचे सात दिवस बंद करा. लेकरं खाऊन राहिले हे कोंबडं," ते दरवेळी सांगत. मी हो म्हणायचो आणि पाजायचो. कडं दरवेळी निघायचं. म्हणून दहा वर्षं हा माणूस माझ्या घरी वरणभात जेवला, माझ्या बायकोच्या, म्हणजे स्वतःच्या मेहुणीच्या हातचा रस्सा समोर वाफाळत असताना! मला राग यायचा. खरं तर लाज वाटायची, पण रागावणं सोपं होतं.

शेवटच्या दुखण्यात ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी पहिल्यांदा सात दिवस पावडर बंद ठेवली. काही कोंबड्या दगावल्या, तरी ठेवली. गुर्दा घेऊन गेलो तर त्यांचे डोळे चमकले. "आजच बशी लावाले सांगा, उद्या सकाळी पाहा. जंतू उगवले तर तुमच्या घरी रस्सा खाईन. आन् मले खोटं सांगू नका."

सकाळी त्यांच्या सहकाऱ्याने बशी उजेडात धरली. जंतू तुकड्याला अगदी भिडून उगवले होते. सायकल दामटत मी त्यांच्या घरी पोचलो, तर अंगणात माणसं जमलेली. ते पहाटेच गेले होते.

बायकोची थोरली बहीण, त्यांची बायको, दाराशी बसली होती. "दोनदा विचारलं त्यायनं, भाऊ आले का म्हणून," ती म्हणाली. "काय निघालं?"

"उगवले, ताई," मी म्हणालो आणि तिथेच मटकन बसून रडलो. दहा वर्षांत कधीही जमलं असतं. सातच दिवस तर लागले होते.