बारीक काठाचं लुगडं

वडिलांची नजर अधू होऊ लागली तेव्हा आमच्या घरच्या आठ हातमागांचा कारभार माझ्याकडे आला. मी त्यांची एकुलती एक. नवरा मिलमध्ये कामाला, म्हणून लग्नानंतरही आम्ही सोलापुरात वडिलांच्याच घरी राहत होतो. घरात तेलुगू आणि दारात मराठी बोलत मी वाढले. सातवीपर्यंत शिकलेही होते, पण विणकरांकडून काम कसं करून घ्यायचं हे शाळेत थोडंच शिकवतात?

तरी मी शाळेतल्या माझ्या बाईंकडेच गेले. म्हटलं, "बाई, मी काय वाचू?"

बाई म्हणाल्या, "तीन प्रकारचं वाच. एक, तुझ्या धंद्याचं. दुसरं, तुझा माल जे वापरतात त्यांच्याबद्दलचं. आणि तिसरं, लढायांचं."

"लढायांचं कशाला?"

"माणसं एकमेकांचं का ऐकत नाहीत, ते त्यात कळतं."

वाचनालयातून मी पुस्तकं आणू लागले. रंगाईवरचं पुस्तक लगेच उपयोगी पडलं. लढायांच्या बखरीही आवडल्या. अडलं ते दुसऱ्या प्रकारापाशी. आमचं लुगडं नेसून शेतात राबणाऱ्या बाईबद्दल कुणी काही लिहिलेलंच नव्हतं. मग मीच मोहोळच्या बाजारला गेले आणि आमचा माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या दुकानात दिवसभर बसले.

आमच्या लुगड्याचा काठ रुंद आणि जड असायचा. वडिलांना त्याचा फार अभिमान. बाया तो हातात घेत, वाखाणत आणि खाली ठेवत. शेवटी एकीला मी विचारलंच, "मावशी, आवडलं नाही का?"

"लई झ्याक हाय की! पर सकाळी ज्वारीत शिरलं की दहिवरानं काठ भिजतुया, पोटरीला चिकटतुया. सणाला बरं हाय हे. रोजच्याला न्हाय."

घरी येऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी जवळच्या लुगड्याच्या काठावरून एकदा बोटं फिरवली. मग म्हणाले, "आता तूच बघतेस ना? मग बघ."

मी काठ बारीक करायचं ठरवलं, पण खरा विरोध झाला तो मागावर. सगळ्यात जुन्या विणकराला मी मामा म्हणायचे. ते ताडकन म्हणाले, "काठ बारीक केला तर लोक म्हणतील, सूत चोरलं! मी नाही विणणार."

हुकूम सोडणं सोपं होतं. पण बखरींत मी वाचलं होतं, की आपल्याच सरदाराचा मान दुखावून लढाईला निघालेले बहुधा हरतात. मी म्हटलं, "मामा, एकच विणा. मामींना नेसू दे. त्या नको म्हणाल्या तर विषय संपला."

मामांनी तोंड वाकडं करून ते विणलं. मामी ते नेसून पाणी भरायला गेल्या, धुणं धुऊन आल्या. संध्याकाळी कारखान्याच्या दारात उभ्या राहून नवऱ्याला म्हणाल्या, "इतकी वर्षं विणताय, असलं कधी सुचलं नाही का हो? हे मी परत देणार नाही, सांगून ठेवते."

सगळे विणकर हसले. मामाही हसले. दुसऱ्या दिवशी नव्या काठाचं सूत मला न विचारता त्यांनीच मागावर चढवलं. काठाच्या आत एक पिवळी रेघ घालायची कल्पनाही त्यांचीच. ती रेघ पुढे आमची ओळख झाली.

सुगीच्या दिवसांत मोहोळचा व्यापारी स्वतः आमच्या दारात आला. बाया बाजारात येऊन "बारीक काठाचं हाय का?" म्हणून विचारत होत्या. दुसरं दाखवलं तर हात लावत नव्हत्या.

वडील ओसरीवर बसले होते. व्यापारी सवयीनं त्यांच्यापुढे बसून बोलू लागला, "शेट, पुढच्या मालाचं कसं करायचं?"

वडिलांनी आवाजाच्या अंदाजानं माझ्याकडे मान वळवली. "मला काय विचारता? कारखाना माझी लेक चालवते. तिला विचारा."

व्यापारी उठला आणि माझ्यासमोर येऊन बसला. मी पदर खोचला, आणि आधी त्यालाच विचारलं, "बाया आणखी काय म्हणत होत्या, ते सांगा."