निरोगी सुळा

"तोंड माझं हाय! नांदायला अजून गेले न्हाई, अन् दात आत्तापासूनच सासूच्या हवाली करू का?"

दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसून मी अशी वरडले, की अंबडच्या बसस्थानकावरची जालन्याची गाडी घंटी न वाजताच सुटली. डॉक्टरचा हात सुईसकट हवेत थांबला. आबा, म्हणजे माझे वडील, भिंतीला टेकून फरशीकडं बघून राह्यले होते.

झालं होतं असं. आमच्या कुंभार पिंपळगावला मला बघायला आलेल्या मुलाच्या आईनं पोहे खाल्ले, मला चालवलं, वाचायला लावलं आणि निकाल दिला, की पोरगी पसंत, सुळा नापसंत. दातावर दात असलेली सून सासूला खाते म्हणे. सुळा काढा, मंग सुपारी फोडू. डावीकडचा तो सुळा जरा बाहेर डोकवायचा, एवढाच त्याचा गुन्हा. कीड न्हाई, कळ न्हाई. त्यानं मी ऊस असा सोलायचे, की कोयत्यानं लाजावं.

डॉक्टर शहरात शिकून आल्ता. त्यानं आरसा घालून पाहिलं, ठोकून पाहिलं आणि स्वतःच्या तोंडानं आबांना सांगितलं, की दात बिलकुल निरोगी आहे, असा दात काढणं आमच्या शास्त्रात बसत नाही. मी मनातल्या मनात त्याला ओवाळलं. आबा म्हणाले, पोरीचं लग्न अडलंय. तेवढ्यावर त्याचं शास्त्र चपला घालून निघून गेलं. त्यानं सुई भरली. बाजारात म्हशीचे दात बघायचे तरी माणूस आधी तिला चुचकारतो. मला कोणी काहीच विचारलं न्हाई, म्हणून मी वरडले. त्याचं बोट आत आलं तेव्हा चावलेही. ते बोट आजही वाकडंच असणार.

आबा जवळ आले. "बाई, तुझ्या मागं दोघी हायत."

माझ्या धाकट्या बहिणी. मी तोंड उघडलं.

मुळं थेट टाचेपर्यंत गेल्ती. खुर्चीला पाय लावून ओढावं लागलं त्याला. निघाला तेव्हा सुळा पांढराशुभ्र होता. डॉक्टरनं तो कापसात गुंडाळून आबांच्या हातात दिला. सोयऱ्यांना दाखवायला.

आता सांगते तेव्हा लोक हसतात. हसोत. सासूवर माझा राग न्हाई, तिचं तसं मानणंच होतं. आबांवर आहे, पण अर्धा. सगळा संताप त्या डॉक्टरवर. त्या खोलीत चूक काय हे बराबर माहीत असलेला आणि नाही म्हणू शकणारा माणूस तो एकटाच होता.

सूज उतरल्यावर जखम दाखवायला आईसोबत गेले, तेव्हा त्याला तोंडावर विचारलं, "दात चांगला हाय, हे तुम्हीच म्हणालात. मंग काढला कशाला?"

तो हात धूत होता. वळलाही न्हाई.

"तुमचे वडील हो म्हणाले होते."