उदाचा एक थेंब आणि रंकाळ्याची एक फेरी

कोल्हापूरचे अत्तरविके दस्तगीर अत्तार यांच्यावर गेल्या दिवाळीच्या पाडव्याला, सकाळी नऊच्या सुमारास, धडधडीत अन्याय झाला. तो पुण्यात झाला आणि करणारा मी. गुन्हेगाराचे नाव शेवटपर्यंत झाकून ठेवणे मला जमत नाही. पत्रके लिहिणाऱ्याने पहिल्याच ओळीत बोट दाखवावे, मग ते स्वतःच्या छातीवर का असेना.

त्या सकाळी एका मित्राने अत्तारांच्या दुकानची उदाची कुपी आणली. ऊद म्हणजे धुपाटण्यातला नव्हे. आसामकडच्या अगराच्या लाकडाचे, सरदारांनाच परवडावे असे अत्तर. मी बूच काढून नाकाला लावले आणि गोठ्यात डोके खुपसल्यासारखे झाले. झाले! भेसळीविरुद्ध माझी मोहीम ऐन भरात होती. दुपारपर्यंत पत्रकाच्या तिसऱ्या पानावर मजकूर तयार: ‘उंची कुपीत गोठा!’ खाली दुकानाचे नाव, ठिकाणासकट.

पुढे पौषात, लबाडी मुद्देमालासह पकडावी म्हणून मी स्वतःच निघालो. मिरजेला गाडी बदलली, शेंगा खाल्ल्या, कोल्हापूरच्या स्टेशनावर उतरलो. टांगेवाल्याने मला खालून वर न्याहाळले.

“कुस्त्या बघाय आलाय व्हय, पावणं?”

“नाही.”

“बघायच म्हंतोय मी. धराय आला न्हाईसा, ते दिसतंयच की.”

महाराजांच्या या शहरात दंड बघून माणसाची किंमत ठरते, हे ऐकून होतो. माझी टांग्यातच ठरली.

महाद्वाराजवळ दस्तगीर अत्तारांचे दुकान म्हणजे भिंतीतला एक कोनाडा. पांढरी दाढी, कानात फाया (अत्तराचा कापसाचा बोळा), मांडीवर मांजर. मी नाव न सांगता ऊद मागितला. म्हाताऱ्याने काचेच्या काडीने माझ्या मनगटावर एक थेंब टेकवला. मी मनगट नाकाशी नेणार तोच त्याने ते खाली दाबले.

“आत्ता न्हाय. जावा, रंकाळ्याला एक फेरी मारून या. मग बोलू.”

“आणि आवडला नाही तर?”

“तर घिऊ नका की! पर फेरीबिगर मी ऊद कुणाला देत न्हाय. सरदार असू दे न्हायतर शिरस्तेदार.”

पळवाट! मी मनात म्हटले. गिऱ्हाईक तळ्याला फेरी मारेपर्यंत वास उडून जात असणार.

गंगावेशीपाशी म्हशी उभ्याच होत्या. इथे गिऱ्हाईकासमोर धार काढून तसेच फेसाळ, कोमट दूध पाजतात. त्याला धारोष्ण म्हणतात. पेला ओठाला लावला, फेस मिशांना लागला. म्हशींच्या मधोमध उभा राहून मी मनगट हुंगले. गोठा! चक्क गोठा! विजयाने वही काढली आणि नोंद केली.

“ओ पावणं,” गवळी म्हणाला, “एवढ्या म्हशी हुब्या हाईत आन् तुमी हाताचा वास घेताय?”

सगळे गवळी हसले. मी वही मिटली आणि तळ्याची वाट धरली.

रंकाळा मोठा आहे, हे नकाशावर समजत नाही. निम्म्या वाटेवर धाप लागली, वहाणेचा अंगठा तुटला, म्हणून वहाण हातात घेऊन काठावर टेकलो. पाण्यावरून गार वारा आला आणि त्याच्यासोबत कुठूनसा एक वास. पेटीत वर्षभर मिटून ठेवलेला रेशमी शेला उलगडावा तसा. आजूबाजूला पाहिले, कोणी नाही. मनगट हुंगले. गोठा गेला होता! आता ओले लाकूड होते, मागून कडवट मध. पाव कोस पुढे गेलो तर लाकूडही मऊ झाले, आणि जे उरले त्याला माझ्या मराठीत शब्द नाही. पत्रकांत शिव्यांना शब्द पुष्कळ असतात. अशा वेळी ते उपयोगाचे नाहीत. मित्राने ही फेरी मारली असणार. मला सांगायचे तेवढे तो विसरला, आणि विचारायचे मी.

अनवाणी परतलो तेव्हा दिवेलागण होत होती. म्हाताऱ्याने वास कसा वाटला हे विचारलेच नाही. त्याने फळीवरून कागदात गुंडाळलेली एक कुपी काढली.

“तुमी शिकल्यालं दिसताय. मला उर्दू येतंय, ही अक्षरं न्हाय. माझ्या बापापास्नं एका सरदाराच्या वाड्यावर आमचाच ऊद जातोय. औंदा कुपी म्हागारी आली, ह्या कागदात. काय लिवलंय एवढं वाचा की.”

कागद माझाच होता. पान तिसरे. मी वाचले, मोठ्याने, ठिकाणासकट. मांजर उठून गेले.

“लिवणाऱ्यानं फेरी मारल्याली?”

“नाही. बूच काढलं, हुंगलं आणि लिहायला बसला.”

“तुमास्नी कसं ठावं?”

“तो मीच.”

त्याने माझ्या अनवाणी पायांकडे पाहिले. मी माफी मागू लागलो तर हात वर केला.

“माझ्या कानात सांगून काय उपेग? मी कवा म्हणलं माझा ऊद वाईट हाय? जितं लिवलं, तितंच लिवा. आन् ही कुपी घिऊन जावा. वाड्यावर तुमीच द्या, तुमच्याच तोंडानं सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यावर गेलो. दिवाणजींनी कुपी ओळखली, मला नाही. “छापलेलं खरं, की तुम्ही सांगताय ते?” असे विचारून त्यांनी दार लावून घेतले. कुपी मी परत आणून दिली; ती अजून दुकानातल्या फळीवरच आहे.

मी पुण्यास परतलो. मिरजेला सदरा बदलला, पण मनगटावरचा वास साताऱ्यापर्यंत होता. माझे ते पत्रक मात्र अजून शेकडो घरांत आहे आणि त्याला कुठलाही वारा लागलेला नाही.

म्हणून वाचकहो, हे वाचून मान डोलावू नका. उठा. फडताळातून ते पत्रक काढा आणि तिसरे पान फाडा. ज्याला ते वाचून दाखवले असेल त्याच्या घरी जा आणि हे वाचून दाखवा. चालत जा.